आलेख वाकला तर फेकू नका: ऑक्सिडेशन कायनेटिक्सचा थोडा इतिहास

पीएच.डी.साठी विषय शोधत असाल तर ‘कायनेटिक्स घे’ असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. म्हणजे एखादं सेंद्रिय आम्ल घ्यायचं, क्रोमियम किंवा मँगनीजच्या संयुगानं त्याचं ऑक्सिडेशन करायचं आणि वेग मोजायचा. विषय जुना म्हणून सोडण्याआधी त्याचा इतिहास बघा.

बी.एस्सी.ला ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन केलंय ना? द्रावण गरम असूनही पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो, पुढचे थेंब मात्र लगेच रंगहीन होतात. १८६६ मध्ये ऑक्सफर्डच्या हारकोर्ट या रसायनशास्त्रज्ञानं आणि एसन या गणितज्ञानं याच अभिक्रियेचा वेग मोजला. आकडे साध्या सूत्रात बसेनात. कारण अभिक्रियेत तयार होणारं मँगनीजच पुढची अभिक्रिया पळवतं. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात.

आता आपल्याकडे या. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पण सातारा, सांगली, कोल्हापूरला जवळचं विद्यापीठ मिळालं ते १९६२ मध्ये, शिवाजी विद्यापीठ झाल्यावर. महागडी यंत्रं नसलेल्या कॉलेजला कायनेटिक्स परवडतं: थर्मोस्टॅट, ब्युरेट, थायोसल्फेट आणि स्टॉपवॉच. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ३५० नॅनोमीटरच्या आसपास क्रोमियम (सहा) कसं कमी होतं ते थेट दिसतं.

धोकाही इथंच आहे. आम्ल बदला, ऑक्सिडंट बदला, आम्ल दहापट जास्त घ्या, प्रथम कोटीची सरळ रेषा काढा, झाला पेपर! पण सगळ्यात संथ पायरी कोणती, हा प्रश्न तसाच राहतो. १९४९ मध्ये वेस्टहायमर आणि निकोलायडीस यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधल्या एका हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवलं. क्रोमिक ॲसिडनं होणारं ऑक्सिडेशन सुमारे सहापट मंदावलं. म्हणजे तो कार्बन-हायड्रोजन बंध संथ पायरीतच तुटतो. हा पुरावा झाला, नुसता तक्ता नाही.

म्हणून विषय घेताना गाइडना विचारा, ‘सर, मेकॅनिझम कशावरून सिद्ध करणार?’ आणि आलेख वाकला तर ते बिंदू खोडू नका. सुरुवातीलाच थोडं उत्पादित घालून प्रयोग पुन्हा करा. वेग बदलला, तर तुमचं खरं काम तिथून सुरू होतं.