छंदिष्टांचं मंडळ कसं बांधावं? चौलच्या निमित्ताने

चौलचा इतिहास एकट्या अभ्यासकाला झेपणारा नाही. का, ते बघा. ग्रीक लेखक या बंदराला सेमुल्ला म्हणतात, कान्हेरीच्या लेखांत ते चेमूल होतं आणि अरबांच्या लेखनात सैमूर. इ.स. 916 च्या सुमारास अल-मसूदी इथे येऊन गेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ठाणं बसवलं, 1740 मध्ये ते मराठ्यांकडे आलं. म्हणजे एका गावासाठी ग्रीक, प्राकृत, अरबी, पोर्तुगीज आणि मोडी! इतक्या भाषा येणारा माणूस शोधण्यापेक्षा माणसं एकत्र आणणं सोपं. आपल्याकडे हे काम बऱ्याच अंशी छंद म्हणून अभ्यास करणाऱ्यांनी केलं.

चौलवरचं जुनं महत्त्वाचं पुस्तकच घ्या. ते 1876 साली मुंबईत प्रसिद्ध झालं. लेखक जे. गर्सन द कुन्हा मूळचे गोव्याचे, पेशाने डॉक्टर. नाणी आणि इतिहास हा त्यांचा नाद. पण असा नाद असलेल्या माणसाला बसायला, वाचायला, वाद घालायला जागा लागते. मुंबईत ती जागा म्हणजे एशियाटिक सोसायटी. तिची सुरुवात 1804 ची, पण पहिला भारतीय सभासद झाला तो 1840 मध्ये, माणकजी कर्सेटजी. दार उघडायला 36 वर्षं लागली. शिवाय कारभार इंग्रजीतला, त्यामुळे ज्याच्या घरी मोडीचं दप्तर पडलंय त्याला तिथे शिरकाव कठीणच.

1910 मध्ये वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. त्याची घडण तुम्ही नीट समजून घ्या, कारण ती आजही उपयोगी आहे. व्यवहार मराठीत. पाक्षिक सभेत निबंध किंवा सापडलेला कागद वाचायचा, त्यावर उपस्थितांनी शंका काढायच्या, मग ते छापायचं. अस्सल कागद मंडळाच्या दप्तरात जपायचे. यामुळे काय साधलं? मत आणि पुरावा वेगळे राहिले. वाचणाऱ्याचं मत चुकलं तरी कागद पुढच्या माणसासाठी शिल्लक उरला.

याचं महत्त्व चौलजवळच कळतं. अलिबागहून चौलला जाताना वाटेत अक्षी लागतं. तिथल्या मराठी शिलालेखाचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके 934, म्हणजे इ.स. 1012 असा वाचला. काही अभ्यासक तो बराच नंतरचा मानतात. हा वाद चालू शकतो, कारण दगड जागेवर आहे आणि वाचनं छापलेली आहेत. "आमच्या ओळखीच्या एकाने वाचलाय" एवढ्यावर वाद होत नाही, नुसतं भांडण होतं.

पण मंडळाची मर्यादाही सांगायला हवी. सुरुवातीचं वर्तुळ बरंचसं पुण्यातल्या शिकलेल्या उच्चवर्णीय पुरुषांचं होतं, आणि भर दप्तरांवर. दप्तरात जो नाही तो इतिहासातही मागे पडतो. चौल-रेवदंड्याचे कोळी, आगरी, बेने इस्रायल, खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलणारे ख्रिस्ती, यांच्याकडे जे आहे ते मोडी कागदात मावत नाही. ते आणायचं तर त्या माणसांना सभेत बसवायला हवं, फक्त माहिती देणारे म्हणून नव्हे, शंका काढणारे म्हणूनही.

तुम्ही संशोधनाला निघालात की गावोगावी असे नादिष्ट भेटतीलच: कोणाकडे नाणी, कोणाकडे वीरगळांचे फोटो. त्यांना हौशी म्हणून बाजूला सारू नका. वस्तू कुठे, कधी, कोणाला सापडली हे त्यांच्यासोबत बसून लिहून काढा, आणि तुमचं वाचन त्यांच्यासमोर मांडा. शेतात सापडलेलं नाणं जागेच्या नोंदीशिवाय बाजारात गेलं की चौलचा तेवढा पुरावा कायमचा संपतो. विद्यापीठाची माणसं तिथे पोचेपर्यंत तो वाचवू शकतात ते गावातलेच लोक.