दप्तराविना शाळा आणि शिक्षकाचे दप्तर
(देवगिरी-वेरूळ परिसरातील स्थलपाठाविषयी काही विचार)

इसवी सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांस दहा दिवस दप्तराविना शिकवावे, आणि मुलांस वेळोवेळी ऐतिहासिक व सांस्कृतिक महत्त्वाची स्थळे दाखवावी, अशी शिफारस केलेली आहे. विद्यार्थ्याने पाठीवरचे दप्तर उतरवून ठेवावे, हे योग्यच होय. परंतु त्यास घेऊन जाणाऱ्या शिक्षकाजवळ दुसऱ्या अर्थाचे दप्तर, म्हणजे ताम्रपट, शिलालेख, पोथ्या व कागद यांचा आधार, असल्यावाचून तो दिवस नुसत्या सहलीत जमा होतो. तेव्हा शिक्षकाची ही तयारी कशी व्हावी, आणि आपल्या परंपरेत तिला काही आधार आहे की काय, याचा विचार प्रस्तुत लेखात कर्तव्य आहे. त्यासाठी औरंगाबाद, म्हणजे इ. स. २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, याच्या आसपासचा मुलूख घेतला आहे. कारण देवगिरी, वेरूळ, अजिंठा व पैठण ही चारही स्थळे या एका शहरास केंद्र मानून पाहता येतात.

प्रथम परंपरेचा विचार करू. स्थळावर उभे राहून ते कसे वाचावे, हे सांगणारा जुना मराठी ग्रंथ म्हणजे महानुभावांची ‘स्थानपोथी’ होय. चक्रधरस्वामींनी ज्या ज्या गावी वास केला त्या त्या गावची स्थाने तीत नोंदलेली आहेत. देऊळ कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, मठ कोठे, एका स्थानापासून दुसरे किती अंतरावर, असा तिचा तपशील असतो. चौदाव्या शतकातील या पोथीचे कर्तृत्व मुनिव्यासांकडे दिले जाते, कै. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले आहे. भाविकाला स्थान ओळखता यावे एवढाच तिचा हेतू. तथापि आधी दिशा, मग अंतर, मग खूण, आणि त्यानंतर तेथे घडलेली लीळा, हा जो क्रम तीत दिसतो तो आजच्या शिक्षकासही अनुकरणीय आहे. आमचे पुष्कळ शिक्षक याच्या उलट करतात. प्रथम गोष्ट सांगून टाकतात आणि स्थळ केवळ साक्षीला उभे करतात.

लीळाचरित्राची सिद्धताही याच जातीची. म्हाइंभटांनी ज्यांनी प्रसंग पाहिले वा ऐकले त्यांच्याकडे जाऊन लीळा जमविल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. चक्रधरांचा वास वेरुळासही झाला होता. तेव्हा लेण्यांत उभ्या असलेल्या शिक्षकास हे सांगता आले पाहिजे की, ही लेणी यादवकाळी निर्मनुष्य नव्हती, आणि त्याचा पुरावा मराठीच्या आद्य गद्यग्रंथातच आहे.

अर्वाचीन काळाकडे वळता पहिले नाव बाळशास्त्री जांभेकरांचे येते. ‘दर्पण’कार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत, परंतु १८४५ च्या सुमारास मुंबईत शिक्षक तयार करण्यासाठी जो नॉर्मल क्लास निघाला त्याचे ते प्रमुख होते, हे कमी लोकांच्या ध्यानात असते. त्याच वर्षी ज्ञानेश्वरीची शिळाप्रत त्यांनी प्रसिद्ध केली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्राचीन लेखांवर त्यांचे निबंध येत. शिलालेखाच्या शोधनासाठी बाहेरगावी गेले असता ज्वर जडून मे १८४६ मध्ये ते निवर्तले. शिक्षकांचा शिक्षक, पोथीचा प्रकाशक आणि लेखांचा शोधक या तीन भूमिका एकाच पुरुषाच्या ठायी होत्या. पुढे त्या तीन निरनिराळ्या खात्यांत वाटल्या गेल्या, आणि शिक्षकाचा व शिलालेखाचा संबंध तुटला.

दुसरे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले, व अखेरीस त्याच संस्थेत अध्यापक होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये निघाला. रॉबर्ट स्यूएलबरोबर रचलेला इंग्रजी पंचांगविषयक ग्रंथही त्याच वर्षीचा. कोरीव लेखांतील तिथी-वार-नक्षत्रे ताडून पाहण्याचे साधन त्यांनी संशोधकांच्या हाती दिले, आणि ‘ज्योतिर्विलास’ लिहून सामान्य वाचकास उघड्या आकाशाखाली नेऊन बसविले. गणिताच्या शिक्षकाने कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाजवळील पाटण येथे मुलांस न्यावे. तेथील शके ११२८ च्या दानाचा उल्लेख असलेल्या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची हकीकत आहे. ती समजून सांगण्यास शकगणना आली पाहिजे. म्हणजे इतिहास व गणित हे दोन विषय तेथे एकाच दगडावर भेटतात.

खोलीबाहेर शिकविण्यासाठी शिक्षक मुद्दाम तयार करावा लागतो, हे महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी करून दाखविले. १९४५ मध्ये बोर्डीस त्यांचे काम सुरू झाले, आणि पुढे कोसबाडास, मुले गुरे राखतात त्या कुरणातच शाळा नेण्यापर्यंत त्याची मजल गेली. बाहेर शिकविणे म्हणजे धडा तोच ठेवून जागा बदलणे नव्हे. जागेतून धडा काढणे होय, हे तत्त्व त्यातून सिद्ध झाले. इतिहासाच्या अध्यापनास तेच लागू करणे एवढेच आता उरते.

ते कसे लागू करावे याची चार उदाहरणे देतो. (१) वेरूळचे कैलास लेणे. हे कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर लेण्यात नव्हे, बडोद्याच्या ताम्रपटात सापडते. शके ७३४ च्या त्या कर्कराजाच्या पटात कृष्णराजाने एलापुरी बांधलेल्या अद्भुत देवालयाचे वर्णन आहे, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्याचा संबंध या लेण्याशी जोडून दाखविला. शिक्षकाने पटातील मजकूर मुलांस आधी मराठीत वाचून दाखवावा, व मग शिखरापासून पायथ्याकडे कोरीत आल्याच्या खुणा त्यांच्याच नजरेने हुडकू द्याव्या.

(२) ‘हेमाडपंती’ देवळे. चुन्यावाचून रचलेले प्रत्येक देऊळ हेमाद्रीचे, अशी समजूत गावोगाव आहे. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या देवालयातील लेख शके ९८२ चा आहे. ही दोन वर्षे फळ्यावर शेजारी शेजारी मांडली की समजुतीचे काय करावे हे मुलगा स्वतःच ठरवितो.

(३) देवगिरीच्या किल्ल्यातील भारतमाता मंदिर. तेथील खांब जुन्या देवळांचे, वास्तू खिलजी काळात झालेल्या मशिदीची, आणि मूर्ती १९४८ नंतर स्थापन झालेली. येथे अर्धवट तयारीचा शिक्षक एकतर गप्प बसतो, नाहीतर मुलांची मने भडकवून परततो. तयार शिक्षक तिन्ही थर तीन प्रकारच्या पुराव्यांनी दाखवितो, आणि कोणताही लपवीत नाही.

(४) मलिक अंबरची नहर. त्याने १६१० च्या सुमारास खडकी वसविली आणि जमिनीखालून नळ आणून तिला पाणी पुरविले. १६५३ नंतर हेच गाव औरंगाबाद झाले. नहरीचे उभे पाणखांब व पाणचक्की पाहताना पाण्याचा दाब व उतार यांचा पाठ आपोआप होतो, आणि शास्त्राच्या शिक्षकालाही इतिहासाच्या दप्तराची गरज भासते.

यावरून अध्यापक विद्यालयांतील अभ्यासक्रमात तीन गोष्टी असाव्या असे आमचे मत आहे. प्रत्येक उमेदवाराने एक तरी लेख ठशावरून वा छायाचित्रावरून स्वतः वाचून त्याची मिती काढावी. मोडीची पाच-पंचवीस पत्रे लावण्याइतका सराव करावा. आणि ज्या गावी नेमणूक होईल त्या गावची एक ‘स्थानपोथी’ स्वहस्ते लिहावी. तीत पाहिलेले, ऐकलेले व वाचलेले अशी तीन सदरे वेगळी ठेवावी.

हा प्रश्न केवळ शाळेचा नाही. कै. राजवाडे यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला तो वाईच्या एका घरातील कागदांमुळे. अशी किती रुमाले वाण्याच्या पुड्यांत गेली, किती पोथ्या जीर्ण म्हणून नदीत सोडल्या गेल्या, त्याची गणना नाही. ज्या घरात असा रुमाल आहे त्या घरचे मूल आज कोणत्या ना कोणत्या वर्गात बसलेले आहे. ते मूल घरी जाऊन, ‘माळ्यावरची ती पोथी टाकू नका,’ असे म्हणेल की नाही, हे त्याच्या शिक्षकावर अवलंबून आहे. संशोधक गावी वर्षातून एकदा पोहोचतो, शिक्षक रोज तेथे असतो.

म्हणून संग्राहकांस विनंती की, आपल्या संग्रहातील लेखांचे ठसे व मोडी पत्रांच्या प्रती जवळच्या अध्यापक विद्यालयास वापरण्यास द्याव्या, आणि वर्षातून एक दिवस तेथील उमेदवारांबरोबर स्थळावर जावे. विद्यार्थी दप्तराविना जावा. शिक्षक दप्तराविना जाऊ नये.