आठ डॉलरांचें पेन्शन

वॉशिंग्टन येथें १८८७ सालीं पुऱ्या झालेल्या पेन्शन-कचेरीच्या इमारतीभोंवतीं भाजलेल्या मातीच्या शिल्पांची सुमारें १,२०० फूट लांबीची एक पट्टी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धांतील (१८६१-६५) पायदळ, घोडदळ, तोफखाना, आरमार, जखमी शिपाई असे सारे देखावे तींत एकामागून एक चालले आहेत. इमारतीचा कर्ता जनरल मेग्ज यानें मूर्तिकारास एक गोष्ट आग्रहानें बजावली होती : सामानाच्या गाडीचा गाडीवान हा युद्धानें मुक्त केलेला कृष्णवर्णीय गुलामच असला पाहिजे. भिंतीवर त्यास अशी जागा मिळाली. भिंतीच्या आंत, पेन्शनरांच्या पटावर, जागा मिळविणें मात्र त्याच्या बांधवांस फार जड गेलें. त्यांपैकीं एका घराची ही हकीकत आहे.

नेल्सन हा नॉर्थ कॅरोलिनांतील गुलाम. त्याच्या मालकाचें आडनांव चार्ल्स. गुलामगिरींतून निसटून तो उत्तरेकडे आला आणि १८६३ सालीं कृष्णवर्णीयांच्या आठव्या पलटणींत 'नेल्सन चार्ल्स' या नांवानें दाखल झाला. त्या वेळीं गोऱ्या शिपायास महिना १३ डॉलर मिळत. काळ्यास दहा, आणि त्यांतूनहि कपड्यांचे तीन कापून घेत. ही विषमता १८६४ सालीं कायद्यानें दूर झाली. युद्ध संपल्यावर १८६५ च्या नोव्हेंबरांत टेक्ससमध्यें त्यास रजा मिळाली. पुढें त्यानें मालकाचें नांव टाकलें व बापाचें 'डेव्हिस' हें नांव घेतलें. स्वतंत्र झालेल्या माणसानें याहून स्वाभाविक असें काय करावें? पण या स्वाभाविक कृत्याचा दंड त्याच्या पश्चात् त्याच्या बायकोस भरावा लागला.

ही बायको म्हणजे हॅरिएट टबमन. मेरिलंडांतील गुलामगिरींतून १८४९ सालीं पळून गेल्यावर पुनःपुन्हां मागें जाऊन सुमारें सत्तर जणांस सोडवून आणणारी स्त्री म्हणून तिची कीर्ति आहे. युद्धांत ती लष्कराची परिचारिका, वाटाडी व हेर होती. २ जून १८६३ रोजीं कंबाही नदीवर कर्नल माँटगोमेरीच्या तुकडीबरोबर जाऊन तिनें सातशेंहून अधिक गुलाम मुक्त करण्यास साह्य केलें. या कामाचा रीतसर मोबदला मात्र तिला मिळाला नाहीं. तिच्या नांवाची नोंद कोणत्याहि पलटणीच्या पटावर नव्हती. परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनीं शिफारस केली. १८७४ सालीं तिला दोन हजार डॉलर द्यावेत असें एक बिलहि निघालें, पण तें सीनेटांत बुडालें.

नेल्सन तिच्या ऑबर्न येथील घरीं आधीं भाडेकरू म्हणून आला. तो तिच्याहून वीसेक वर्षांनीं लहान. १८६९ च्या मार्चांत तेथल्या देवळांत त्यांचें रीतसर लग्न झालें आणि १८७४ सालीं त्यांनीं एक मुलगी दत्तक घेतली. तो विटा पाडी, परंतु क्षयानें त्याचें अंग पोखरलें होतें. नियमित काम त्यास होत नसे. घराचा भार हॅरिएटवर. शेत, डुकरें, भाडेकरू आणि दाराशीं येणारे निराश्रित हा तिचा प्रपंच. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या ज्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें, त्यांच्याच देशांत त्या मुक्तीसाठीं लढलेला एक शिपाई अशा रीतीनें बायकोच्या कमाईवर खोकत दिवस काढीत होता.

त्या काळीं पेन्शन हवें असेल तर दुखणें नोकरींतच जडलें हें सिद्ध करावें लागे. ही अट १८९० च्या जूनमधील कायद्यानें सैल झाली. नव्वद दिवस नोकरी केलेल्या अपंग शिपायास, तसेंच त्याच्या निर्धन विधवेस, दुखण्याचें मूळ न विचारतां पेन्शन ठरलें. परंतु नेल्सन १८८८ च्या ऑक्टोबरांतच वारला होता.

हॅरिएटनें लगेच अर्ज केला आणि येथून कागदांचा फेरा सुरू झाला. पटावर शिपाई नेल्सन चार्ल्स. मेला तो नेल्सन डेव्हिस. मग ही कोणाची विधवा? दोघे एकच, हें शपथेवर सांगणारे साक्षीदार आणा. तिचा पहिला नवरा जॉन टबमन. तो मेल्यावरच दुसरें लग्न झालें, याचा पुरावा आणा. (तो १८६७ सालीं मेरिलंडांत मारला गेला होता.) गुलामांच्या लग्नास ज्या कायद्यानें कधीं लग्न मानलें नाहीं, ज्यानें त्यांच्या जन्माचा दाखला ठेविला नाहीं, तोच आतां दाखला मागत होता. कचेरीच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. लबाड अर्ज पुष्कळ येत, आणि त्या सुमारास पेन्शनांवर मध्यवर्ती सरकारच्या उत्पन्नाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग खर्च होत होता. अशा ठिकाणीं चौकशी हवीच. पण सर्वांस सारखी वाटणारी चौकशी सर्वांस सारखी पडत नाहीं. ज्याचें नांव जन्मापासून एकच आहे त्याला ती एका दिवसाची. नेल्सनच्या विधवेला ती पांच वर्षांची झाली. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. जबाब दुसऱ्यानें लिहावयाचे आणि तिनें खालीं फुली करावयाची.

१८९५ च्या ऑक्टोबरांत महिना आठ डॉलर मंजूर झाले. मागील बाकी सुमारें पांचशें डॉलर मिळाली. दोन वर्षांनीं तिच्या स्वतःच्या कामगिरीचा प्रश्न प्रतिनिधि पेन यांनीं पुन्हां उकरून काढला. मागणी पंचवीस डॉलरांची होती. १८९९ च्या फेब्रुवारींत वीस ठरले. युद्धांतील परिचारिकांस १८९२ च्या कायद्यानें बारा डॉलर मिळत. विधवेच्या आठांत ते मिळविले कीं वीस होतात. हेरगिरीचें आणि कंबाहीचें मोल या बेरजेंत कोठें बसलें तें वाचकांनींच शोधावें. कायद्याच्या मजकुरांत ती आली तीहि नेल्सन डेव्हिसची विधवा म्हणून.

१० मार्च १९१३ रोजीं ती वारली. तिनें स्वतः उभारलेल्या वृद्धाश्रमांत तिचे शेवटचे दिवस गेले. पुढें २००३ सालीं अमेरिकन काँग्रेसनें जुना हिशेब पुन्हां मांडला आणि तिला हयातींत कमी मिळालेल्या पेन्शनापोटीं ११,७५० डॉलर मंजूर केले. घेणारी नव्वद वर्षांपूर्वींच गेली होती. म्हणून ते ऑबर्न येथील तिच्या वास्तूच्या दुरुस्तीकडे लावण्यांत आले.