आधी परवाना, मग सुनावणी

एस-४१९१ या क्रमांकाच्या एका भाडेपट्ट्यापासून सुरुवात करू. हवाई राज्याच्या भूमी व नैसर्गिक संसाधन मंडळाने मौना केआ पर्वताच्या माथ्याभोवतीची हजारो एकर जमीन वैज्ञानिक वापरासाठी हवाई विद्यापीठाला दिली, तो हा करार. मुदत १ जानेवारी १९६८ ते ३१ डिसेंबर २०३३. भाडे माफ. पुढे विद्यापीठाने देशोदेशींच्या वेधशाळांना पोटभाड्याने जागा दिल्या, त्या वर्षाला एका डॉलरवर. मोबदल्यात विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञांना त्या दुर्बिणींवरच्या निरीक्षणवेळेचा वाटा मिळत गेला.

याच जमिनीवर तीस मीटर व्यासाची ‘टीएमटी’ ही दुर्बीण उभारायची की नाही, यावरून हवाईत दहा वर्षांहून अधिक काळ वाद पेटलेला आहे. बाहेरच्या जगात तो श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा सांगितला जातो. कागदपत्रे क्रमाने वाचली की वेगळेच चित्र दिसते. पर्वताची हानी झाल्याचे विरोधकांइतकेच सरकारी यंत्रणांनीही लिहून ठेवले आहे. तरीही दर वेळी पुढची परवानगी निघाली. वादाचे मूळ या क्रमात आहे.

आधी जमिनीचा इतिहास. १७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकी व्यापारी-मळेवाल्यांच्या गटाने, बंदरात उतरलेल्या अमेरिकी नौसैनिकांच्या छायेत, राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. १८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जांवर एकवीस हजारांहून अधिक मूलनिवासी हवाईयनांनी सह्या केल्या. ते अर्ज वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात आजही आहेत. तरी १८९८ मध्ये, तहाऐवजी काँग्रेसच्या संयुक्त ठरावाने, हवाई अमेरिकेत सामील करण्यात आले आणि राजघराण्याच्या व राज्याच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी अमेरिकेकडे गेल्या. १९५९ मध्ये हवाई घटकराज्य झाले, तेव्हा यातल्या बहुतेक जमिनी राज्याला मिळाल्या, पण विश्वस्त म्हणून. प्रवेश कायद्याच्या कलम ५(फ) मध्ये या विश्वस्ततेची पाच उद्दिष्टे दिली आहेत. मूलनिवासी हवाईयनांची उन्नती हे त्यांतले एक. म्हणजे १९६८ चा भाडेपट्टा करून देणारे मंडळ जमिनीचे विश्वस्त होते, मनाला येईल तसे वागायला मोकळे असलेले मालक नव्हते.

दुर्बिणी तिथे कशा आल्या, हेही नीट सांगायला हवे. २३ मे १९६० रोजी चिलीतल्या भूकंपामुळे उठलेल्या त्सुनामीने हिलो शहरात ६१ बळी घेतले आणि बाजारपेठ वाहून गेली. शहराला उभे राहायला काही आधार हवा होता. हवाई बेटाच्या वाणिज्य मंडळाचे मित्सुओ अकियामा यांनी १९६३ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या विद्यापीठांना पत्रे लिहून बेटावरची उंच शिखरे वेधशाळांसाठी सुचवली. खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड क्यूपर यांनी ती सूचना उचलली. १९६४ मध्ये बुलडोझरने माथ्यापर्यंत कच्चा रस्ता काढला गेला, आणि चाचणीची छोटी दुर्बीण बसली ती पुउ पोलिआहू या टेकाडावर. पोलिआहू ही हवाईयनांची हिमदेवता. सुमारे ४,२०० मीटर उंचीवर हवा कोरडी आणि स्थिर असते, वातावरणातले बरेचसे बाष्प पायथ्याकडेच राहते, त्यामुळे अवरक्त किरणांच्या निरीक्षणासाठी अशी जागा दुर्मीळ. शास्त्रज्ञांची ओढ खरी होती आणि हिलोची गरजही खरी होती. पण त्या सुरुवातीच्या व्यवहारात एक पक्ष गैरहजर होता. ज्यांच्या वंशकथेत हा पर्वत आकाशपिता वाकेआचे अपत्य आहे, ज्यांनी वाइआउ सरोवरात आपल्या बाळांच्या नाळा ठेवल्या, त्यांची संमती घेण्यासाठी सुनावणी झाली नाही.

धोक्याची पहिली सूचना राज्याच्या प्रमुखाकडूनच आली. १९७४ मध्ये कार्यवाहक गव्हर्नर जॉर्ज अरियोशी यांनी माथ्यावर घुमटांची गर्दी होऊ नये अशी चिंता लेखी नोंदवून पर्वतासाठी आराखडा करायला सांगितले. १९८३ च्या विकास आराखड्यात २००० सालापर्यंत तेरा दुर्बिणींची मर्यादा आली. इमारती ठरल्याप्रमाणे उभ्या राहिल्या, राखणीचे काम मागे पडले.

फेब्रुवारी १९९८ चा राज्य लेखापरीक्षकांचा अहवाल या सगळ्याचा हिशेब मांडतो. तो आंदोलकांचा नाही, विधिमंडळाला उत्तरदायी असलेल्या कार्यालयाचा आहे, म्हणून पुरावा म्हणून त्याचे वजन मोठे. विद्यापीठाचे लक्ष दुर्बिणी उभारण्यावर राहिले आणि नैसर्गिक संसाधनांच्या रक्षणाची व्यवस्था अपुरी पडली, असा त्याचा निष्कर्ष आहे. माथ्यावर टाकून दिलेली जुनी यंत्रसामग्री आणि कचरा, लोकांच्या ये-जा करण्याविषयी रेंगाळलेले नियम, परवान्यांतल्या अटींची ढिली अंमलबजावणी, सगळे त्यात आहे. ठपका विद्यापीठाइतकाच भूमी मंडळाच्या खात्यावरही आहे.

२००५ मध्ये माथ्यावरच्याच केक वेधशाळेच्या विस्तारासाठी नासाने पर्यावरण अहवाल केला. तीस वर्षांच्या खगोलशास्त्रीय बांधकामांचा एकत्रित परिणाम लक्षणीय आणि प्रतिकूल असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तो विस्तार अखेर बारगळला. २०१० मध्ये टीएमटीसाठी विद्यापीठाने केलेल्या अहवालातही हाच निष्कर्ष आहे. मात्र पुढे जोड दिली आहे की नव्या दुर्बिणीने त्यात मर्यादित भर पडेल.

आता तारखा महत्त्वाच्या. २५ फेब्रुवारी २०११ रोजी भूमी मंडळाने टीएमटीचा परवाना मंजूर केला आणि त्याच बैठकीत आक्षेपांवर सुनावणी घ्यायचेही ठरवले. सुनावणीचा निकाल लागेपर्यंत बांधकाम करायचे नाही, अशी अट घातली. सुनावणी पुढे ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि १२ एप्रिल २०१३ रोजी परवाना कायम झाला. त्यावरचे अपील न्यायप्रविष्ट असतानाच २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने टीएमटीतल्या सहभागासाठी १,२९९.८ कोटी रुपये मंजूर केले. पुण्याचे आयुका हे या भारतीय सहभागातल्या तीन प्रमुख संस्थांपैकी एक, त्यामुळे हा इतिहास आपल्यासाठी परका नाही. दोन आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, भूमिपूजनाचा समारंभ आंदोलकांनी रोखला. २ एप्रिल २०१५ रोजी रस्ता अडवणाऱ्या ३१ जणांना अटक झाली.

२ डिसेंबर २०१५ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला. दुर्बीण चांगली की वाईट, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. मंडळाने पाया रचण्याआधीच कळस चढवला, असा निकालाचा आशय आहे. परवाना एकदा दिल्यावर घेतलेल्या सुनावणीत बाजू मांडणाऱ्याला न्याय्य संधी उरत नाही, आणि न्याय होतो आहे असे दिसणेही आवश्यक आहे, हे न्यायालयाने बजावले.

दुसरी सुनावणी ४४ दिवस चालली, ७१ साक्षीदार झाले. त्यात प्रकल्पाच्या बाजूने उभी राहिलेली मूलनिवासी हवाईयनांची ‘पुएओ’ ही संघटनाही होती. समाज एकमुखी होता असे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मंडळाने ५ विरुद्ध २ मतांनी परवाना दिला आणि ३० ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने तो ४ विरुद्ध १ ने उचलून धरला.

हे निकालपत्र आणि त्यावरचे भिन्नमत शेजारी ठेवून वाचावे. संरक्षित क्षेत्रातल्या बांधकामाने संसाधनांवर मोठा प्रतिकूल परिणाम होता कामा नये, असा नियम आहे. बहुमताने प्रकल्पाच्या बाजूच्या गोष्टी मोजल्या. जागा शिखरावर नाही, खाली उत्तर पठारावर आहे. काही जुन्या दुर्बिणी काढल्या जाणार आहेत. भाडे टप्प्याटप्प्याने वर्षाला १० लाख ८० हजार डॉलरपर्यंत जाणार आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. एक डॉलरच्या काळापासून व्यवस्था किती बदलली, ते त्यातून दिसते. पण न्यायमूर्ती मायकेल विल्सन यांनी नेमके दुखरे ठिकाण दाखवले. आधीच्या बांधकामांनी मोठी हानी झालेली आहे, म्हणून आणखी एका बांधकामाने पडणारी भर मोठी ठरत नाही, असे मान्य केले तर नियमाचा अर्थच उलटतो. जितकी जास्त नासधूस, तितकी पुढची परवानगी सोपी.

माझ्या मते विल्सन यांचे म्हणणे कागदपत्रांच्या कसोटीवर उतरते. १९९८, २००५ आणि २०१० चे अहवाल हानी थांबावी म्हणून उपयोगी पडायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांतली कबुलीच पुढच्या मंजुरीची आधाररेषा झाली. जुलै २०१९ मध्ये तीसहून अधिक वृद्धांनी रस्त्यात बसून अटक करून घेतली, त्यामागे ही अर्धशतकाची नोंद होती. त्यांना विज्ञानाचे वैरी म्हणणे इतिहासाला धरून नाही. या लढ्यातल्या अग्रणी केआलोहा पिशिओटा स्वतः माथ्यावरची दुर्बीण चालवण्याचे काम करत असत.

२०२२ च्या कायद्याने पर्वताचा कारभार विद्यापीठाकडून काढून टप्प्याटप्प्याने एका नव्या प्राधिकरणाकडे सोपवायचे ठरवले. त्या प्राधिकरणात मूलनिवासी हवाईयन परंपरा पाळणाऱ्यांना मतदानाच्या हक्कासह जागा आहेत. खगोलशास्त्रालाही कायद्याने राज्याच्या धोरणात स्थान दिले आहे. दोन दुर्बिणी काढून टाकण्यात आल्या आहेत. टीएमटी मात्र उभी राहिलेली नाही. २०३३ मध्ये एस-४१९१ ची मुदत संपेल, तेव्हा त्याची जागा घेणारा करार आधी ऐकून मग ठरवला जायला हवा. भागीदार देशांनीही, भारताने धरून, पैसे मंजूर करण्यापूर्वी त्या जमिनीचे कागद वाचायला हवेत. पर्वताच्या माणसांनी ‘हो’ म्हटल्यावर उभी राहिलेली दुर्बीण विज्ञानालाही अधिक शोभेल, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटले तर ते उत्तरही पुरेसे मानले पाहिजे.