दूधसागरची वाट

मृगाचा पाऊस पडून गेला कीं शहरांतील घराघरांतून धबधबा पाहावयास जाण्याचे बेत शिजूं लागतात, आणि गोव्याच्या सरहद्दीवरील दूधसागराचें नांव त्यांत हटकून निघतें. बेत ठरवितांना आपण रजेचे दिवस पाहतों, फराळाचे डबे मोजतों, गाड्यांचें वेळापत्रक चाळतों. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकविलेला मनुष्य. तेव्हां आज माझ्याकडून आणखी एक वेळापत्रक ऐकून घ्या. तें सुमारें दीडशें वर्षांचें आहे. दूधसागरास कोणत्या वाटेनें जातां येतें आणि कोणत्या वाटेनें जातां येत नाहीं, याचें बरेंचसें उत्तर त्यांत सांपडेल.

प्रथम स्थळ ध्यानांत घ्यावें. सह्याद्रीच्या माथ्यावर, कर्नाटकाच्या हद्दींत, कॅसलरॉक हें स्थानक आहे. पायथ्याशीं गोव्यांत कुळें. या दोहोंमधील सुमारें २६ किलोमीटरांत लोहमार्ग बोगद्यांतून व पुलांवरून घाट उतरतो. उतार ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे, म्हणून गाडीस जादा इंजिनें जोडावीं लागतात. याच वाटेवर सुमारें ३१० मीटर उंचीवरून दूधसागर टप्प्याटप्प्यानें कोसळतो, आणि लोहमार्गाचा पूल त्याच्या ऐन समोरून जातो. हेंच पाणी पुढें खांडेपार नदीच्या वाटेनें मांडवीस मिळून पणजीवरून समुद्रास जातें. स्नान करणाऱ्या राजकन्येची लाज राखण्यासाठीं दुधाचा पडदा सोडला, अशी नांवाची कथा सांगतात. कथा गोड आहे; पण त्या पुलाची कथा मला तिच्याहून अधिक मनोरंजक वाटते.

कारण, मंडळी, हा पूल धबधबा दाखविण्यासाठीं कोणी बांधला नाहीं. त्याच्या मुळाशीं मीठ आहे.

इंग्रजी मुलुखांत मिठावर जबर कर होता. गोव्याच्या मिठागरांतील मीठ त्या मानानें स्वस्त. लमाणांचे बैलांचे तांडे घाटवाटांनीं मीठ वर नेत आणि परततांना धान्य खालीं आणीत. हा व्यवहार फार जुना. त्यांत कर चुकवून मीठ वर येऊं लागलें, तेव्हां इंग्रज सरकारास सरहद्दीवर पहारे ठेवीत बसणें परवडेना. अखेर २६ डिसेंबर १८७८ रोजीं इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत एक तह झाला आणि १८८० पासून बारा वर्षांच्या मुदतीनें तो अंमलांत आला. दोन्ही मुलुखांतील जकातीचा अडसर काढावा. गोव्यांतील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचा ताबा असावा. त्याच्या मोबदल्यांत पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लक्ष रुपये मिळावे. आणि मुरगांव बंदरापासून इंग्रजी हद्दीपर्यंत लोहमार्ग घालावा, अशीं त्याचीं मुख्य कलमें. ज्यांचें पोट मिठागरावर चाले, त्यांना मात्र या सौद्यांत कोणी विचारल्याचें दिसत नाहीं.

लोहमार्गासाठीं इंग्रजी भांडवलाची कंपनी उभी राहिली व तिच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारनें घेतली. १८८७ मध्यें सपाटीवरील मार्ग चालू झाला, १८८८ मध्यें घाट. पोर्तुगालच्या राजघराण्यावरून घाटास ब्रगांझा हें नांव पडलें. धारवाड-बल्लारीकडील कापूस व धान्य मुरगांवास ओघानें येईल, अशी सर्वांची अटकळ होती. पण मुंबई बंदराची ओढ मोठी; माल पुष्कळसा तिकडेच गेला आणि हमीच्या व्याजाचा बोजा पोर्तुगीजांच्या तिजोरीवर पडत राहिला. त्यांतहि मौज अशी कीं, १८९२ मध्यें तहाची मुदत संपली आणि तो पुन्हां करण्यांत आला नाहीं. जकातीचा अडसर दूर करण्याच्या करारांतून जन्मलेल्या या मार्गावर, घाट खुला होऊन चार वर्षें होतात न होतात तोंच, जकात पुन्हां आली! वर कॅसलरॉकला इंग्रजांची तपासणी आणि खालीं कुळेंला पोर्तुगीजांची.

या मार्गाचा खरा उपयोग केला तो गोमंतकीय माणसानें. मुंबई-पुण्यास चाकरीसाठीं निघालेले आचारी, खलाशी, वादक, विद्यार्थी, कलावंत याच घाटानें वर येत. लोंढा, मिरज या वाटेनें पुण्यापर्यंत मीटर गेजची गाडी आणि पुण्यास मुंबईची गाडी, असा तो प्रवास. दोन ठिकाणीं ट्रंका उघडून दाखवितांना त्यांतील कितीजणांचें लक्ष धबधब्याकडे गेलें असेल, देव जाणे.

पुढें तर ही वाटच बंद झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं गोव्यांत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारनें गोव्याशीं असलेलें दळणवळण तोडलें व घाटांतील वाहतूक थांबली. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. त्या मधल्या सहा वर्षांत मुंबई-पुण्याच्या कोणा कुटुंबानें आगगाडीनें दूधसागर पाहण्याचा बेत केला असता, तर तो कॅसलरॉकच्या पलीकडे गेला नसता.

मुक्तीनंतर गाड्या पुन्हां धांवूं लागल्या. १९९० नंतरच्या दशकांत मार्ग रुंद झाला. कापसाची जागा पूर्वींच खनिजानें घेतली होती; अलीकडे मुरगांवास उतरणारा कोळसा कर्नाटकांतील पोलादाच्या कारखान्यांकडे याच घाटानें चढतो. त्यासाठीं घाटांत दुसरा रूळ घालण्याची योजना निघाली. हा भाग अभयारण्यांतून जातो. गोव्यांत मोठा विरोध झाला, आणि ९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वन्यजीव मंडळानें दिलेली संमति रद्द केली. नव्यानें अर्ज करण्याची वाट मात्र मोकळी ठेवली आहे. एका रुळासाठीं डोंगर किती पोखरावा लागला हें बोगदे पाहिले म्हणजे समजतें. दुसऱ्यासाठीं हें रान पुन्हां फोडूं नये असें माझें मत आहे.

आतां तुमच्या बेताविषयीं. भर पावसांत दूधसागर पाहावयाचा तर तो गाडीच्या खिडकींतून. घाट दिवसाउजेडीं ओलांडणारी गाडी निवडावी. रात्रीच्या गाडीनें गेल्यास नुसता आवाज ऐकूं येईल. मध्यें उतरून रुळांच्या कडेनें चालत जाणें हा गुन्हा आहे, आणि २०२३ च्या जुलैंत रेल्वेनें लोकांना तसें पुन्हां बजाविलेंहि आहे. तरुण मंडळी यावर कुरकुरतात. पण कडा आणि गाडी यांमध्यें हातभर जागा नसते व धुक्यांत इंजिन अंगावर येईपर्यंत दिसत नाहीं, हें त्यांना घरांतील वडील माणसांनीं सांगावें.

धबधब्याच्या पायथ्याशीं जावयाचें असेल तर वाट कुळेंहून. ती भगवान महावीर अभयारण्यांतून जाते व जीपगाड्यांना ओढ्यांतून जावें लागतें. म्हणून पावसाळ्यांत ती बंद असते आणि बहुधा ऑक्टोबरांत खुली होते. नक्की दिवस त्या त्या वर्षीं जाहीर होतो, तो विचारून मगच निघावें. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पाणी भरपूर असतें. मार्च-एप्रिलांत गेल्यास कड्यावर बारीक धारा दिसतील व मुलें हिरमुसतील. शेवटचा टप्पा दगडांतून पायीं आहे, तेव्हां गुडघे दुखणाऱ्यांनीं काठी घ्यावी. जीपगाड्या मोजक्याच सोडतात. कुळेंला सकाळीं लवकर पोहोंचणें बरें.