हजार सैनिक आणि एक चूल

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत, ॲस्पेन, व्हेल आणि लेडव्हिल या गावांच्या मधल्या टापूत लाकडी घरांची एक साखळी आहे. हिवाळ्यात दारापर्यंत गाडी जात नाही. पायात स्की, पाठीवर सॅक आणि काही तासांची चढण. या घरांना 'टेन्थ माउंटन डिव्हिजन हट्स' म्हणतात. सुट्टीच्या मुक्कामाला लष्करी तुकडीचं नाव का?

१९४२ साली अमेरिकी सैन्याने लेडव्हिलजवळ, सुमारे २,८०० मीटर उंचीवर कॅम्प हेल ही छावणी उभारली. स्कीवर चालायचं कसं, कड्यावर दोर लावायचा कसा, बर्फात उघड्यावर झोपायचं कसं, हे तिथे हजारो पोरं शिकली. १८ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री इटलीतल्या रिवा रिजचा कडा अंधारात चढून त्यांनी जर्मनांना बेसावध गाठलं. लढाईच्या जेमतेम चार महिन्यांत या डिव्हिजनचे जवळपास हजार जण मेले.

त्याच इटलीत आपलीही माणसं होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात लढताना गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा राहिला.

टेन्थ माउंटनच्या वाचलेल्यांनी डोंगर सोडला नाही. इटलीत जबर जखमी झालेले पीट सायबर्ट यांनी पुढे व्हेलचं स्की रिसॉर्ट उभं केलं. वास्तुरचनाकार फ्रिट्झ बेनेडिक्ट ॲस्पेनला स्थायिक झाले. आल्प्समध्ये एका हटवरून दुसऱ्या हटवर जात दिवसचे दिवस फिरता येतं, तसं इथेही व्हावं म्हणून त्यांनी १९८० मध्ये संस्था काढली. पहिल्या दोन हट १९८२ मध्ये झाल्या. पैसे दिले रॉबर्ट मॅकनमारा आणि त्यांच्या मित्रांनी, मॅकनमारांच्या दिवंगत पत्नी मार्गारेट यांच्या स्मरणार्थ. एक मार्गीज हट, दुसरी मॅकनमारा हट.

हे मॅकनमारा म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री. त्या युद्धाबाबत आपण चुकलो, असं त्यांनी १९९५ मध्ये लिहिलं. तोवर अठ्ठावन्न हजार अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मरून दोन दशकं उलटली होती. सैनिकांच्या नावाच्या साखळीत पहिली दारं त्यांच्या पैशांनी उघडली, हे मला आजही पचत नाही.

मी मार्गीज हटमध्ये एक रात्र राहिलो आहे. तिथे नळ नाही. मोठ्या पातेल्यात बर्फ भरून लाकडाच्या चुलीवर वितळवायचा, तेच पाणी. जेवण आपलं, स्लीपिंग बॅग आपली. लाकडं आपणच फोडायची, भांडी आपणच घासायची. एकाच खोलीत अनोळखी लोकांच्या घोरण्यासह झोपायचं. सकाळी झाडून घ्यायचं आणि निघायच्या आधी पुढच्यांसाठी लाकडं भरून ठेवायची.

सैन्यातली नाती अशाच कामांतून जुळली असणार. बेनेडिक्टना ते ठाऊक होतं, असं मला वाटतं. पुतळ्यासमोर आपण हात जोडतो आणि पुढे जातो. इथे मात्र काम करावं लागतं. दारावरचं नाव कुणाचंही असो, आम्ही पोचलो तेव्हा आधीच्या गटाने चुलीशेजारी बारीक फोडलेली लाकडं रचून ठेवली होती. ते कोण होते, आम्हाला कळलं नाही.