चार हजार चिन्हं, अर्थ शून्य

ऑक्टोबर १९८८. बीजिंगच्या चायना आर्ट गॅलरीत छतापासून कागदाचे लांबलचक पट्टे सोडले होते आणि खाली दोऱ्यानं शिवलेली पुस्तकं ओळीनं उघडून मांडली होती. मथळे, टीपा, बारीक टाइपातलं भाष्य, सारं जुन्या चिनी ग्रंथांसारखं. वाचायला गेलं की मात्र एकही अक्षर लागत नव्हतं. भाषेचे प्राध्यापकही तिथे निरक्षर ठरले.

‘आकाशग्रंथ’ म्हणून गाजलेल्या या कामाचा कर्ता शू बिंग. १९५५चा जन्म, वडील बीजिंग विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. शाळेच्या वयातच सरकारनं लिपी सोपी करायला घेतली. गिरवलेली चिन्हं बाद होत, नवी शिकावी लागत. पुढे सांस्कृतिक क्रांतीत वडिलांवर शत्रुत्वाचा शिक्का बसला आणि वळणदार अक्षराच्या या मुलाच्या हाती घोषणांची पोस्टरं आली. शब्द माणसाचं काय करू शकतात, हे त्यानं घरातच पाहिलं.

१९८७च्या सुमारास त्यानं छपाईचे लाकडी खिळे कोरायला घेतले. घटक खऱ्या चिनी लिपीतले, जोडणी स्वतःची. उदाहरणार्थ, पाण्याची खूण डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी. पण शेजारी असा भाग, की ती जोडी कोशात सापडू नये. मग ते चिन्ह उलटं कोरायचं. वळण मुद्दाम छापील, सुंग शैलीचं निवडलं, म्हणजे कोण्या एका हाताची छाप उरणार नाही. अशी चार हजारांच्या आसपास चिन्हं झाली. रोजच्या वाचनाला साधारण तेवढीच लागतात. ती जुळवून बीजिंगजवळच्या एका गावातल्या छापखान्यात चार खंड छापून घेतले. या कामाची खरी ताकद या काटेकोरपणात आहे. एखादं चिन्ह जरी उरकून टाकलं असतं, तरी बघणाऱ्यानं शोध सोडून दिला असता.

१९८९नंतर चीनमधली राजकीय हवा पालटली. कलाकार भुताटकीच्या भिंतीत चकवा लागल्यासारखा भरकटला आहे, अशी टीका छापून आली. शू बिंगनं तेच शब्द नव्या कामाचं नाव म्हणून उचलले: १९९०मध्ये विद्यार्थी आणि गावकऱ्यांना घेऊन त्यानं चीनच्या भिंतीच्या एका भागावर कागद चिकटवून शाईचे ठसे घेतले.

त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला. तिथे त्यानं इंग्रजी शब्द चिनी चिन्हांसारखे चौकोनात बसवण्याची लिपी रचली आणि संग्रहालयांत तिचे वर्गच भरवले. कित्ता, कुंचला आणि शाई समोर ठेवून बसलेले लोक चिनी म्हणून जे गिरवायला लागत, ते थोड्या वेळानं त्यांना सरळ वाचता येई.